डोमगावची प्रत

दर दिवाळीला या सदरातून मी वाचकांपुढे एखादे जुने पुस्तक नाहीतर एखादा हरवलेला शब्द घेऊन येतो. यंदा एक चूक घेऊन आलो आहे, आणि ती माझी स्वतःची आहे.

माझी आत्या सास्तूरला असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चाराला चार मिनिटे कमी असताना, धरणी हादरली आणि किल्लारी, सास्तूर ही आमच्या बाजूची नावे एका दिवसात जगाला ठाऊक झाली. गणपतीचे विसर्जन करून माणसे नुकतीच निजली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचे ओझे. घरे उभी होती तेथेच बसली. आत्या त्या रात्री अंगणात बाज टाकून निजली होती म्हणून वाचली. तिचे जाते ढिगाऱ्याखाली गेले, पण जात्यावरच्या ओव्या तिच्या तोंडी होत्या, त्या राहिल्या.

२०१६ च्या उन्हाळ्यात तिच्याजवळ बसून मी त्या फोनवर मुद्रित करून घेतल्या. एकशे बेचाळीस भरल्या. मधूनच ती थांबे आणि विचारी, "लिहिलंस का रे?" मी मोठ्या ऐटीत सांगे, "लिहायचं कशाला, आत्या? यात सगळं राहतं." २०१९ साली ती गेली.

ते मुद्रण माझ्या लॅपटॉपवर होते, आणि त्याची एक प्रत दूर कोठेतरी एका कंपनीच्या यंत्रांवर आपोआप ठेवली जाई. दोन ठिकाणी आहे म्हणून मी निर्धास्त होतो. २०२२ च्या दिवाळीत घर झाडता झाडता लॅपटॉपही झाडावा अशी मला बुद्धी झाली. जुन्या परीक्षांचे कागद काढून टाकताना त्यांच्यासोबत आत्याही गेली. दोन महिन्यांनी एका विद्यार्थिनीला तो आवाज ऐकवावा म्हणून शोधू लागलो, तर इकडे नाही. हरकत नाही, तिकडे असेल! तिकडेही नव्हता. इकडे पुसले त्याच क्षणी तिकडेही इमानाने पुसले गेले होते, आणि पुसलेले परत मिळण्याची महिन्याची मुदतही उलटून गेली होती.

माझा भाचा पुण्याला याच कामावर आहे. मोठमोठ्या बँकांचे हिशेब ज्या कपाटाएवढ्या यंत्रांत साठवतात, त्यातल्या एका कपाटातला मजकूर शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या कपाटात सदैव उतरत राहील हे पाहणे, हा त्याचा धंदा. मी त्याला फोन करून गाऱ्हाणे सांगितले. तो म्हणाला, "मामा, तुमच्याजवळ आरसा होता. तुम्ही त्याला फोटो समजलात."

मग रविवारी येऊन त्याने मला शिकवणीच दिली. आमची सौभाग्यवती चकल्या तळत होती, तीही कान देऊन ऐकत होती. तो सांगू लागला, की प्रत ठेवण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिल्या तऱ्हेत इकडचे कपाट प्रत्येक नोंद तिकडे धाडते आणि तिकडून 'पोचली' असा निरोप आल्यावाचून स्वतःही 'झाली' म्हणत नाही. त्यामुळे एक अक्षरही हरवत नाही. मात्र प्रत्येक नोंदीला वाट पाहावी लागते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन परत यायला सेकंदाचा हजारावा भाग. तुम्हाआम्हाला तो कळणारही नाही, परंतु जेथे सेकंदाला हजारो नोंदी होतात तेथे तो फार होतो. म्हणून ही तऱ्हा जवळच्या अंतरावर. दूरच्या कपाटासाठी दुसरी तऱ्हा : इकडे लिहून मोकळे व्हायचे, तिकडे मागाहून पोचते करायचे. तिकडची प्रत सदैव चार पावले मागे असते आणि घात झालाच तर तेवढी चार पावले बुडतात.

"आणि मामा, क्रम सांभाळावा लागतो. एकाच्या खात्यातून पैसे निघाले ही नोंद राहून दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले हीच आधी पोचली, तर ती प्रत असून नसून सारखी."

"तार तुटली तर?" सौ.ने झारा हातात धरून विचारले.

"तेच खरं दुखणं, मामी. दोघांनाही वाटतं, पलीकडचा मेला. आता कारभारी मीच. दोघंही लिहीत सुटतात आणि मग खरी वही कोणती ते ठरत नाही. म्हणून तिसऱ्या जागी एक साक्षीदार ठेवतात. तो ज्याच्या बाजूने बोलेल त्याने पुढे चालायचं."

ही नुसती पुस्तकी भीती नव्हे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईचे नॅशनल स्टॉक एक्स्चेंज सकाळी ११.४० ला बंद पडले ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. मुख्य केंद्र आणि जवळचे दुसरे केंद्र यांना जोडणाऱ्या तारा बिघडल्या होत्या. त्या दोन कंपन्यांच्या होत्या, एकीची बिघडली तर दुसरीची चालावी म्हणून. पण खोदकामाने दोन्ही गाठल्या. तेवढ्याने काही व्हायला नको होते. परंतु अशा वेळी साठवणीच्या कपाटाने जसे वागावे असे ठरले होते तसे ते वागले नाही, आणि स्वतःचाच मजकूर देईनासे झाले. तिसरी प्रत दूर चेन्नईला होती. तिकडे कारभार हलवला गेला नाही. एक अक्षर हरवू नये म्हणून केलेल्या व्यवस्थेनेच बाजार चार तास अडकला. पुढे २ मार्च २०२४ ला, शनिवार असूनही, बाजार मुद्दाम उघडून दुसऱ्या केंद्रावरून व्यवहार करून पाहिले. हे मला आवडले. पाहुणा येईपर्यंत दुसरी गादी उसवली आहे की नाही हे आपण कधी पाहतो?

भाचा गेल्यावर माझ्या मनात एकसारखे डोमगाव येत राहिले. आमच्याच जिल्ह्यात परांडा तालुक्यात सीनेच्या काठी हे गाव आहे. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांची समाधी तेथे आहे, आणि त्यांच्या हातची दासबोधाची पोथीही तेथेच जतन केलेली आहे. समर्थांनी सांगितले, कल्याणांनी लिहिले, आणि समर्थांनी स्वतः ती पोथी तपासली, अशी परंपरा. विसाव्या शतकाच्या आरंभी धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी हीच प्रत प्रमाण मानून दासबोध छापला. मठोमठी उतरलेल्या नकला पुष्कळ होत्या, पण मतभेद पडला की कोणाला विचारायचे ते ठरलेले होते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेवर एक समासच आहे. वर्गात तो शिकवताना मुले जांभया देतात. पूर्वी मीही आतून देत असे. त्यात पानाच्या चारी बाजूंना जागा सोडून मधे लिहायला सांगितले आहे, हेतू असा की कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडू नये. यंत्रे नसताना एवढा पुढचा विचार!

आता त्या विद्यार्थिनीविषयी. ती परांड्याकडची. मुद्रण असताना तिने प्रबंधासाठी ते ऐकत ऐकत एकसष्ट ओव्या वहीत उतरून घेतल्या होत्या, हे मी साफ विसरलो होतो. मागल्या दिवाळीत ती वही घेऊन घरी आली. आवाज नाही, मधले "लिहिलंस का रे?" नाही, एक्याऐंशी ओव्या नाहीत, पण एकसष्ट आहेत. मी त्यांच्या तीन प्रती केल्या. एक माझ्या कपाटात, एक भाच्याकडे पुण्याला, तिसरी सोलापूरला ताईकडे पाठवली. भाच्याच्या प्रतीला ठराविक काळाने त्या दिवसाचे चित्र गोठवून ठेवण्याची सोय आहे, म्हणजे मी पुन्हा झाडू घेतला तरी मागचे शिल्लक राहील.

आठ दिवसांनी ताईचा फोन आला. "अरे, चौदाव्या पानावर सीना लिहिलंय. आत्या तेरणा म्हणायची. तिच्या सासरची नदी ती."

विद्यार्थिनीला विचारले तर ती म्हणते, "सर, मी ऐकलं तेच लिहिलंय." ताई आत्याच्या मांडीवर वाढलेली, मुलीने प्रत्यक्ष मुद्रण ऐकलेले, पण तिच्या स्वतःच्या गावची नदी सीना. दोघीही ठाम आहेत. ज्याला विचारायचे तो साक्षीदार मीच पुसून टाकला आहे. तिन्ही प्रतींत चौदाव्या पानाच्या कडेला मी सध्या पेन्सिलीची एक बारीक खूण तेवढी करून ठेवायला सांगितली आहे.