चिपटेभर मैदा

चकल्या, चिवडा, करंज्या सारे झाले, तरी नानकटाईवाचून आमच्या वडिलांची दिवाळी होत नाही. आजीने वळलेल्या नानकटाया पत्र्याच्या ताटात मांडून बेकरीच्या भट्टीवर न्यायच्या आणि भाजून होईपर्यंत तिथेच राखण करायची, हे लहानपणी त्यांचे काम. आता ते ऐंशीच्या पुढे गेले आहेत. यंदा हळूच म्हणाले, "एकदा आईसारखी खायला मिळाली असती तर!"

आजीची वही कपाटात होतीच. त्यात एकच ओळ : मैदा १ चिपटे, तूप नवटाक, पिठीसाखर नवटाक. सौभाग्यवतीने वही माझ्यापुढे ठेवली. मराठीचा अध्यापक मी; असल्या शब्दांना थोडाच अडणार! दोन निळवी एक कोळवे, दोन कोळवी एक चिपटे, चार चिपटी एक शेर, असे कोष्टक मी ऐटीत म्हणून दाखवले. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा. तेव्हा चिपटे म्हणजे २३३ ग्रॅम आणि नवटाक, शेराचा आठवा हिस्सा, सुमारे ११७.

नानकटाई वाईट झाली नाही. पण टणक झाली. वडिलांनी चहात बुडवून ती खाल्ली, यातच काय ते आले.

चूक रात्री अंथरुणावर उमगली. शेर दोन होते, वजनी आणि मापी! नवटाक वजनाचे, चिपटे धान्य मोजायचे माप. आजी तूप तोलून घेई आणि मैदा डब्यातून मापाने काढी, म्हणून दोन्ही एकाच ओळीत सुखाने नांदत होती. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम बाजारात येऊ लागला. वहीला मात्र त्याची वार्ता नव्हती.

आणि माप सारखे असले तरी वजन थोडेच सारखे असते? २४० मिलिलिटरच्या कपात मैदा मावतो १२५ ग्रॅमच्या आसपास, दाणेदार साखर २०० आणि तूप त्याहूनही थोडे जास्त. "सगळे वाटीला वाटी" म्हणणाऱ्या शेजारणीच्या नानकटाया भट्टीत पसरून एकमेकींच्या गळ्यात का पडतात, ते आता कळले. (शेजारीण हे वाचत नसेल, अशी आशा आहे.)

सकाळी माळ्यावरून पितळी चिपटे काढले, चिंचेने घासले आणि मैदा भरून काट्यावर तोलले. ठासून भरले, तर १८० ग्रॅमच्या वर. मग खरे कोणते? वहीत काहीच नाही. वडील पाठीशी उभे होते. म्हणाले, "आई आधी चाळी. मग हलक्या हाताने भरी आणि वरून बोट फिरवी. शीग कधी ठेवली नाही."

तसे भरले. १४८ ग्रॅम! म्हणजे आदल्या दिवशी मैदा दीडपटीहून अधिक पडला होता.

तूप-साखर फेसून पांढरी झाल्यावर सौभाग्यवतीने तेवढाच मैदा त्यात मिसळला. या वेळी नानकटाई बोटांतच फुटली. वडिलांनी एक खाल्ली, दुसरी उचलली, तळहातावरचा चुराही सोडला नाही. चहा तसाच निवून गेला.

सौभाग्यवतीने आजीच्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिले : चाळून, सपाट, १४८ ग्रॅम.