उतारा इंग्रजीत, गुणवत्ता कुणाची?

'क्लॅट'चा निकाल लागला की दरवर्षी गुणवत्तेचं कीर्तन सुरू होतं. ही गुणवत्ता मोजतात कशाने, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही सांगतो.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ही प्रवेश परीक्षा. महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठं आहेत. 120 मिनिटांत 120 प्रश्न. 2020 पासून सगळी प्रश्नपत्रिका उताऱ्यांवर उभी आहे. एकेक उतारा साडेचारशे शब्दांपर्यंत जातो. चार उत्तरं चुकली की कमावलेला एक गुण गेला. आणि हे सगळं फक्त इंग्रजीत! नीट मराठीत देता येते, सीयूईटी 13 भाषांत होते. मग क्लॅटलाच मराठीचं वावडं का? ज्या घरात लहानपणापासून इंग्रजी पेपर येतो, त्या घरातल्या मुलाला हे उतारे ओळखीचे असतात. वस्तीतल्या मुलीचा अर्धा वेळ भाषेशीच झुंजण्यात जातो. या फरकालाच इथे बुद्धी म्हणतात.

पण मागणी मान्य होईपर्यंत आपण हात बांधून बसायचं नाही. आधी सापळे ओळखू या.

समजा, उताऱ्याचा लेखक म्हणतो की आरक्षणामुळे कार्यक्षमता घटते. प्रश्न येतो, लेखकाच्या मते काय खरं आहे? एक पर्याय असतो, 'आरक्षण हे प्रतिनिधित्वाचं साधन आहे.' आपला पोरगा त्यावर खूण करतो. गोष्ट खरी, उत्तर चूक! प्रश्नाने त्याचं मत विचारलंच नव्हतं. दुसरा सापळा: उताऱ्यात 'काही राज्ये', पर्यायात 'सर्व राज्ये'. तिसरा: लेखकाने खोडण्यासाठी मांडलेलं विरोधकाचं म्हणणं पर्यायात लेखकाच्याच नावावर टाकलेलं असतं.

काही कार्यकर्ते म्हणतात, शत्रूच्या युक्तिवादात शिरून उत्तर देणं ही शरणागती आहे. आम्हाला हे साफ अमान्य आहे. 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी जात म्हणजे श्रमविभागणी हा समर्थकांचा दावा आधी मांडला, मग मोडून काढला. विरोधकाचं म्हणणं नीट ऐकल्याशिवाय ते खोडता येत नाही. यालाच वकिली म्हणतात. लेखकाचा युक्तिवाद सर्वांत कमकुवत कोणत्या पर्यायाने होतो, असाही प्रश्न याच परीक्षेत येतो. तिथे बाबासाहेबांचा वाचक मागे पडता कामा नये.

म्हणून प्रत्येक बुद्धविहारात आठवड्यातून एक संध्याकाळ उताऱ्यांसाठी ठेवा. एक इंग्रजी संपादकीय घ्या. प्रत्येक परिच्छेदाशेजारी मराठीत एक ओळ लिहा: लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर? आपलं मत शेवटी, वेगळं लिहा. त्याच बैठकीत क्लॅट मराठीतही घ्या, अशा मागणीच्या निवेदनावर सह्या करा.

संविधानाचा अर्थ न्यायालयात लावला जातो. तिथे कोण उभं राहणार, हे या दोन तासांत ठरतं. ते दोन तास आपण सोडणार नाही.

जय भीम!