बिनविरोधाची पाटी

आमच्या गावात शिरताना डाव्या हाताला, एसटीच्या थांब्याजवळ एक पाटी आहे. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं : 'बिनविरोध ग्रामपंचायत. एक गाव, एक विचार.' पाहुणेरावळे ती वाचतात आणि म्हणतात, "तात्या, गाव लई समजूतदार दिसतंय की तुमचं." मी मान हलवतो. पाच वर्षं झाली, मान हलवतोय. आता साठी उलटली, मान दुखायला लागली, म्हणून हे लिहायला बसलो.

गाव समजूतदार वगैरे काही नाही. गाव विकलं गेलंय. त्या सौद्यात मीही एक दलाल होतो, दलाली घेतली नाही एवढंच.

आधी भांडणाचं सांगतो, कारण बिनविरोधवाल्यांचं सगळं बोलणं भांडणापासूनच सुरू होतं. 2005 सालच्या ग्रामपंचायतीला माझा चुलतभाऊ अण्णा छत्री घेऊन उभा होता. समोर वाड्यावरचा उमेदवार, चिन्ह कपबशी. मोजणी झाली तर दोघांनाही 198. पुन्हा मोजली, तेवढीच. मग निवडणूक अधिकाऱ्यानं दोघांच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, बाहेर खेळणारं तिसरीतलं पोरगं आत बोलावलं आणि त्याला एक उचलायला लावली. कपबशी निघाली. गुलाल उधळला गेला. आमच्याकडची माणसं खाली माना घालून घरी आली.

अण्णाचं म्हणणं होतं की दोन मतं मेलेल्या माणसांच्या नावावर पडलीत. निकालापासून पंधरा दिवसांत तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाकडं अर्ज करता येतो, तसा कायदा आहे. चौदाव्या दिवशी आम्ही दोघं मोटारसायकलवर तालुक्याला गेलो आणि अर्ज टाकला. तारखा पडत गेल्या. निकाल लागेपर्यंत पंचायतीची मुदतच संपत आली. अण्णाचा एक बैल वकिलाच्या फीत गेला. वाड्यावर आणि आमच्यात तीन वर्षं बोलणं नव्हतं, लग्नाच्या पत्रिका शेजाऱ्याच्या हातून यायच्या.

हे नुकसान मी नाकारत नाही. पण त्याच पाच वर्षांत आणखी एक घडलं, ते कुणी सांगत नाही. अण्णा हरला म्हणून जागा राहिला. प्रत्येक ग्रामसभेला तो दोनशेपानी वही घेऊन पुढच्या रांगेत बसायचा. पाण्याच्या टाकीचं काम निघालं तेव्हा रोज सकाळी सहाला जाऊन सिमेंटची पोती मोजायचा. कपबशीवाले दात-ओठ खायचे, पण हिशोब वाचून दाखवायचे. नाही दाखवला तर अण्णा उठून उभा राहणार हे त्यांना माहीत होतं. ती टाकी आज वीस वर्षं उभी आहे आणि कुठं पाझरत नाही. अण्णा आता नाही, पण टाकीखालून जाताना मला त्याची वही आठवते.

2015 ची निवडणूक मात्र वाईट गेली. दोन्ही बाजूंनी दारू वाटली, मतदानाच्या आदल्या रात्री डोकी फुटली, दोन पोरं महिनाभर सिव्हिलला पडली. तेव्हापासून गावात एकच बोलणं सुरू झालं : आता निवडणूकच नको. मी विचारतो, डोकी मतानं फुटली का दारूनं? दारू बंद करायची सोडून आम्ही मत बंद केलं.

करोनामुळं पुढं ढकललेल्या निवडणुका 2021 च्या जानेवारीत लागल्या. राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींचं मतदान 15 जानेवारीला होतं. त्याआधी डिसेंबरात आमच्या मारुतीच्या देवळात बैठक बसली. बैठकीत ठरलं ते असं : देवळाचा सभामंडप बांधायचाय, तर जो जास्त वर्गणी देईल त्यानं सांगितलेल्या नऊ जणांचेच अर्ज ठेवायचे, बाकीच्यांनी मागं घ्यायचे. त्याला लिलाव म्हणायचं नाही, वर्गणी म्हणायचं. बोली तीन लाखांवरून सुरू झाली आणि अकरा लाखांवर थांबली. अकरा लाखवाला आमच्याच गावचा गुत्तेदार. त्याचा खडीक्रशर आहे, दोन जेसीबी आहेत. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

एकच अर्ज आडवा आला. वस्तीवरच्या एका बाईनं अनुसूचित जाती महिला या राखीव जागेवर फॉर्म भरला होता. नाव लिहीत नाही, तिला अजून याच गावात राहायचंय. सातवी शिकलेली, बचत गट चालवणारी, बँकेत जाऊन मॅनेजरशी नीट बोलणारी. गावात आलेली पाइपलाइन वस्तीच्या अलीकडं तीनशे फुटांवर थांबली होती, ती पुढं न्यायची म्हणून ती उभी राहिली होती. सगळे म्हणाले, "तात्या, तुमचं ऐकंल ती. तुम्ही जावा."

मी गेलो. तिनं चटई टाकली, पाणी दिलं. ते पाणी तिनं कुठून आणलं असेल हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

"तात्या, मी उभी ऱ्हायले तर कुणाचं काय जातंय? पडले तर पडले."

"माय, गावाची एकी मोडती."

"पाण्याच्या येळंला कुठं असती गावाची एकी?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणूस वडिलकीवर येतो. मी म्हणालो, "माझ्या शब्दाचा मान ठेव." 4 जानेवारीला अर्ज मागं घ्यायची मुदत होती, दुपारी तीनपर्यंत. गुत्तेदाराच्या जीपमधून आम्ही तिला तहसीलला नेलं. तिनं सही केली. बाहेर आल्यावर मी चहा सांगितला, तो तिनं घेतला नाही. परतताना जीपमध्ये ती कुणाशी बोलली नाही.

तिच्या जागेवर गुत्तेदारानं आपल्या सालगड्याच्या बायकोचा अर्ज ठेवला होता. त्या वर्षी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निवडणुकीनंतर निघाली. आमच्या गावाला निघालं अनुसूचित जाती महिला. म्हणजे आमच्या शहाणपणानं सालगड्याची बायको सरपंच झाली. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. सरपंच झाली त्या दिवशीसुद्धा ती मालकाच्या खळ्यावर तुरी बडवत होती. पण जी बाई त्या खुर्चीत बसून चार प्रश्न विचारणार होती, तिला मी स्वतः जीपमध्ये घालून परत आणली होती. तिचा अर्ज राहिला असता आणि ती निवडून आली असती, तर सरपंच तीच झाली असती. हे गणित मला आजही रात्री झोपू देत नाही.

आता सरपंचाचा शिक्का गुत्तेदाराच्या जीपमध्ये असतो. वित्त आयोगाचा पैसा काढायला डिजिटल सही लागते, तो पेनड्राइव्हसारखा तुकडासुद्धा त्याच्याच खिशात. कायद्यानं वर्षाला चार ग्रामसभा व्हायला पाहिजेत. आमच्याकडं त्या रजिस्टरात होतात. सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. देवळापासून शाळेपर्यंतचा सिमेंटचा रस्ता दोन पावसाळ्यांत उखडला, खडी वर आली. अविश्वास ठराव आणायला सदस्य लागतात, आणि नऊच्या नऊ त्याचेच. मी एकदा हिशोब विचारला. त्यानं अगदी हसून, आदरानं उत्तर दिलं : "तात्या, गाव बिनविरोध हाय. विरोध करायचा तर तवाच करायचा हुता."

सभामंडप मात्र झाला, संगमरवर बसवलाय. अकरा लाख देवाला दिले असं गाव म्हणतं. मी म्हणतो, त्याच्या बदल्यात पाच वर्षांची कामं त्यानं घेतली. वर्गणी आमच्याच रस्त्यातून वसूल झाली.

हे आमच्याच गावात झालं असं नाही. त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचे असेच लिलाव झाल्याचं उघडकीला आलं आणि राज्य निवडणूक आयोगानं तिथली सगळी निवडणूक रद्द केली. तिथला बोभाटा झाला म्हणून आयोगापर्यंत गेलं. आमच्या देवळात मोबाईल बाहेर ठेवायला लावले होते, म्हणून आम्ही आदर्श ठरलो.

आणि वरून याला बक्षीस आहे! काही आमदारांनी त्या वेळी बिनविरोध गावाला लाखांचा निधी जाहीर केला होता. शेजारच्या गुजरातेत तर 'समरस' नावाची सरकारी योजनाच आहे, बिनविरोध पंचायतीला जादा अनुदान. मला एक कळत नाही. गावाचा रस्ता हा गावाचा हक्क असेल, तर मत न देण्याची अट त्याला का?

लोक हिवरे बाजारचं नाव घेतात. चांगलं गाव आहे, पोपटराव पवारांचं काम सगळ्या देशानं पाहिलंय. पण तिथंच तीस वर्षांनी, याच 2021 साली, समोर उमेदवार उभे राहिले आणि मतदान झालं. पवारांच्या पॅनेलच्या सातही जागा निवडून आल्या. काय बिघडलं? गाव मोडलं नाही, पाणी आटलं नाही. ज्याचं काम खरं आहे त्याला मतपेटीचं भय नसतं. भय असतं अकरा लाख मोजणाऱ्याला.

आता आमच्या गावाच्या वर बघा. आमची म्हातारी माणसं शाळेला बोर्डाची शाळा म्हणायची, जुन्या लोकल बोर्डावरून. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळेचं पत्रं उडालं, दवाखान्यात डॉक्टर नाही, तर माणूस जिल्हा परिषद सदस्याच्या दारात जाऊन बसायचा. शिव्यासुद्धा द्यायचा. पुढच्या निवडणुकीत बघून घेतो म्हणायचा. 2022 च्या मार्चमध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, आमचीही संपली. राज्यघटना म्हणते मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. इथं ओबीसी आरक्षण आणि गटांची रचना यांचा वाद कोर्टात गेला आणि जिल्हा परिषदेवर प्रशासक बसला. एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं. चार महिन्यांतही जमलं नाही, सप्टेंबरात मुदत वाढवून 31 जानेवारी 2026 करावी लागली.

या काळात मी दोनदा पंचायत समितीत गेलो, वस्तीच्या पाइपलाइनसाठी. साहेब चांगले होते, खुर्ची दिली, अर्ज घेतला. दुसऱ्या खेपेला गेलो तर त्यांची बदली झालेली. नव्या साहेबांना गाव कुठं आहे हे नकाशात दाखवावं लागलं. त्यांना मी काय म्हणणार, पुढच्या निवडणुकीत बघून घेतो? प्रशासक म्हणजे दुसरं काय, अख्ख्या जिल्ह्याचं बिनविरोध. फरक एवढाच, की आमच्या गावात निदान बोली तरी लागली होती.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. निवडणूक वादाची झाली तरी चालेल. चिठ्ठी निघू द्या, कोर्टात जाऊ द्या, भावकीत तीन वर्षं बोलणं बंद राहू द्या. लग्नाच्या पत्रिका पुन्हा येतात, आमच्याकडं आल्या. वाड्यावरचा तो कपबशीवाला अण्णाच्या तिरडीला खांद्यावर घ्यायला सगळ्यांत पुढं होता. पण हिशोब विचारायची रीत एकदा गावातून गेली की ती परत आणायला पिढी लागते. वादाला भिऊन मत सोडणारा शेतकरी म्हणजे पाखरं येतील म्हणून पेरणीच न करणारा.

आमच्या पंचायतीची मुदत आता संपत आलीय. देवळात पुन्हा बैठक बसेल, पुन्हा कुणी एकीचं भाषण करील. या वेळी उठून 'नाही' म्हणायचं मी ठरवलंय. परवा वस्तीवर गेलो होतो. ती दारात सोयाबीन पाखडत होती. पाइपलाइन अजून तीनशे फुटांवरच आहे. मी म्हणालो, "माय, माझं चुकलं. या खेपेला तू उभी ऱ्हा. जीप घेऊन कुणी आलं तर मी तुझ्या दारात बसतो."

तिनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "तात्या, भरायचा का न्हाई ते माझं मी बघीन. तुमाला नाही सांगायची."

बरोबर आहे तिचं. मी उठून आलो आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत अर्ज दिला, वेशीतली पाटी काढून टाकावी म्हणून. पोच अजून मिळालेली नाही.