व्हीगन डोनट खाल्ला तर चालेल का?

"डॉक्टर, लेकीने घरीच केलेत. तळलेले नाहीत, अंडं-दूध काही नाही. मग खायला हरकत नाही ना?" न्यू जर्सीला मुलीकडे गेलेल्या माझ्या एका मधुमेही पेशंट काकूंचा हा प्रश्न. तिकडे ऑक्टोबर लागला की लाल भोपळा, सफरचंद, दालचिनी घातलेल्या डोनटचे दिवस सुरू होतात.

व्हीगन म्हणजे प्राणिजन्य काही नाही, एवढंच. साखर आणि मैदा वनस्पतींपासूनच येतात! १२ डोनटना एक कप, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम साखर घातली, तर एका डोनटमध्ये १६-१७ ग्रॅम, म्हणजे चार लहान चमचे साखर होते. वरचं आयसिंग वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची वरून घातलेली साखर साधारण २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. मेपल सिरप वापरलं तरी तीही साखरच. लोण्याऐवजी खोबरेल तेल घालतात, त्यात तर ८० टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते.

ओव्हनमध्ये भाजल्याने तेल वाचतं, हे मात्र खरं. अंड्याऐवजी पाण्यात भिजवलेली जवसाची पूड, ही युक्ती मला आवडली. भोपळ्याचा डबा आणताना नुसता गर आणा, 'पम्पकिन पाय फिलिंग'मध्ये साखर आधीच असते. निम्म्या मैद्याऐवजी कणीक घ्या, साखर निम्मी करा, आयसिंग नकोच.

काकूंना म्हटलं, अर्धा डोनट खा, त्या जेवणात एक पोळी कमी करा आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवरचा आकडा मला कळवा.