संमती कोणत्या भाषेत?

‘सदर संशोधनातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून, नकार दिल्यास आपणांस प्राप्त होणाऱ्या आरोग्यलाभांवर विपरीत परिणाम होणार नाही.’ हे वाक्य माझे नाही, पण त्या मसुद्याची भाषांतरकार मीच आहे. मी लिहिले होते : ‘भाग घ्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं. नाही म्हणालात तरी इथले तुमचे उपचार बंद होणार नाहीत.’

ते समलिंगी तरुणांमधील एचआयव्ही-प्रतिबंधाच्या एका अभ्यासाचे संमतीपत्र होते. इथे जयपुरात बसून मी ते मराठीत आणले. मग दुसऱ्या कोणाकडून माझ्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करवून घेण्यात आले, ते मूळ मजकुराशी ताडले गेले आणि जिथे शब्दाला शब्द भिडला नाही तिथे लाल खूण पडली. याला उलट भाषांतर म्हणतात आणि आरोग्य-संशोधनात ती अचूकतेची मान्य कसोटी आहे. माझा वाद या कसोटीशीच आहे. मराठीत गेलेले इंग्रजी सुखरूप परत आले की नाही, एवढेच ती तपासते. वाचणाऱ्याला काय कळले, हा प्रश्न ती विचारतच नाही. जितके मराठी लाकडी, तितके इंग्रजी बिनचूक परत येते. म्हणून या परीक्षेत नेहमी वाईट भाषांतर पास होते.

वाचणारा कोण, तेही पाहा. सांगलीकडच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभरच्या सराफ बाजारांत पसरले आहेत. त्यांच्यातलाच एक बावीस वर्षांचा तरुण समजा. घरी सांगता येत नाही, म्हणून तो परगावी तपासणीला येतो. त्याच्यापुढे येतो ‘पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष’ हा शब्दप्रयोग. ‘एमएसएम’ ही संज्ञा १९९०च्या दशकात रुळली ती चांगल्या हेतूने : ओळख कोणतीही असो, वर्तन मोजावे. पण २००५ साली यंग आणि मायर या अभ्यासकांनी तिच्यावर नेमका आक्षेप घेतला. लोकांनी स्वतःला दिलेली नावे ती पुसते आणि त्यांची नाती, त्यांचा समाज नजरेआड करते. मराठीत तर त्याच्याही पुढे ‘अतिजोखमीचा गट’ येतो. जोखीम परिस्थितीत नाही, जणू त्या पोराच्या अंगातच आहे.

हे किती चुकीचे आहे, ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांवरच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. जोडीदार किती, निरोध वापरला का, हेच प्रश्न वर्षानुवर्षे विचारले गेले. २००६ मध्ये ग्रेगोरियो मिलेट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या पुरुषांचे वर्तन गोऱ्या समलिंगी पुरुषांपेक्षा अधिक धोक्याचे आढळले नाही. लागण मात्र कितीतरी जास्त होती. पुढच्या अभ्यासांनी कारणे दाखवली : निदान उशिरा होणे, उपचार न पोहोचणे, लहानशा वर्तुळात विषाणू आधीच पसरलेला असणे. २०१६ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज होता, की हाच वेग राहिला तर या पुरुषांपैकी दर दोघांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी लागण होईल. म्हणजे तपासणी आणि औषध यांच्या दारापर्यंत माणूस का पोहोचत नाही, हा खरा प्रश्न. आपल्याकडे त्या दारावरची पाटीच त्याला वाचता येत नसेल, तर भाषा हेही एक कारण ठरते.

‘स्पष्ट लिहिले तर अश्लील ठरेल,’ असे मला सांगण्यात आले. एके काळी ही भीती खरी होती. जुलै २००१ मध्ये लखनऊत एचआयव्ही-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना कलम ३७७ लावून अटक झाली, त्यांचे माहितीसाहित्य अश्लील म्हणून जप्त झाले आणि ते महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिले. पण ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध त्या कलमातून वगळले. आता भीतीचे कारण उरले नाही. उरला आहे तो आपला सोवळेपणा.

मराठीला हे जमत नाही, हेही खोटे. पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांनी लैंगिकतेवर सरळ मराठीत पुस्तके लिहिली. सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून काम करते आहे आणि तिथल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी १९९६ साली उभ्या केलेल्या संघटनेचे नावच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ आहे. समाजाने शिवीसारखा फेकलेला शब्द त्यांनी स्वतःच्या फलकावर लिहिला. भाषा तयार आहे, आपण ती कार्यालयात येऊ देत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सहभागींना समजेल अशा भाषेत माहिती द्यायला सांगतात. ‘समजेल’ हा शब्द गंभीरपणे घ्यायचा, तर कसोटी बदला. ज्यांनी सही करायची त्यांच्यातल्याच काहीजणांना मसुदा वाचून दाखवा आणि म्हणा, ‘आता तुमच्या शब्दांत सांगा, यात काय लिहिलंय?’ त्यांना सांगता आले नाही, तर लाल खूण आमच्या मसुद्यावर करा. तोवर त्या कागदावर पोराची सही असेल, संमती नसेल.