"खरं आडनाव" म्हणजे काय हो?

पिझ्झा मार्गेरिटाच्या गोष्टीत १८८९ सालचा नेपल्सचा एक राफाएले एस्पोझितो येतो. परवा नातवंडांनी पिझ्झा मागवला तेव्हा मी सहज त्या आडनावाचा अर्थ सांगितला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'बाहेर ठेवलेला', म्हणजे टाकून दिलेलं मूल. त्यावर एक जवळचे नातेवाईक हसत म्हणाले, "आणि नेपल्समध्ये सगळ्यात जास्त आडनाव हेच? म्हणजे गावाची लक्षणं कळली!"

घरी आलेल्या माणसाचा मान राखून तेव्हा गप्प बसले. आता इथे बोलते.

नेपल्सच्या आनुंत्सियाता या धर्मादाय संस्थेच्या भिंतीत एक फिरतं लाकडी चाक होतं. बाहेरून त्यात तान्हं मूल ठेवायचं, चाक फिरवलं की मूल आत. ठेवणारीचं तोंड कुणाला दिसत नसे. आत वहीत नोंद होई, अंगावर काय कपडे, सोबत काय खूण. कुणी मोडलेलं पदक नाहीतर अर्धं नाणं ठेवी, पुढेमागे ओळख पटावी म्हणून. वाईट लक्षणांची बाई अर्धं नाणं जपून ठेवते का हो? शिवाय कित्येक मुलं रीतसर लग्न झालेल्या आईबापांचीच होती. घरात खायला नव्हतं, एवढंच.

आता 'सगळ्यात जास्त' या शब्दांकडे या. इटलीतही पहिल्या पाच-सहा आडनावांत हे येतं. पण ते बापाकडून मुलाकडे जात राहिलं. एका मुलाला दोन मुलगे धरले तरी सहा पिढ्यांनी चौसष्ट एस्पोझितो होतात! आडनाव मोजून बायकांचं चारित्र्य मोजता येत नाही. त्यातून फार तर वहीतला एक शिक्का किती पिढ्या पुसला गेला नाही, हे कळतं.

कुणी म्हणेल, निदान नाव तरी दिलं ना? चाकामुळे जीव वाचले, हे मला मान्य. पण त्यासाठी कपाळावर शिक्का कशाला? नेपल्सचे साधे लोक या मुलांना 'मारियेची लेकरं' म्हणत, आणि वही म्हणे 'टाकलेला'. म्युरा हा १८०८ ते १८१५ नेपल्सचा राजा होता. त्याने हे आडनाव देणं बंद करवलं. म्हणजे त्यात कलंक आहे हे राज्यकर्त्यांनाही कळत होतं. चाक मात्र १८७५ पर्यंत फिरत राहिलं.

आणि त्याच सुमारास आपल्या पुण्यात काय चाललं होतं? १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि त्याला स्वतःचं आडनाव दिलं. तोच पुढे डॉ. यशवंत फुले झाला. शिक्का न मारता नाव देता येतं, ते असं.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. आपल्या घरात दोन वर्षांपूर्वी एक मुलगी दत्तक आली. बारशालाच तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तिचं खरं आडनाव काय?" तिघेही हा ब्लॉग वाचतात. त्यांना माझं उत्तर, हाक मारल्यावर ती ज्या आडनावाला 'ओ' देते, तेच खरं.

असो. राग आला तर खाली जरूर लिहा. तिच्यासमोर मात्र परत विचारू नका.