साप्ताहिक अंतराची वाढ : एक प्रत्युत्तर
संपादक महाशयांस,
डर्बन व पीटरमारित्झबर्ग या शहरांदरम्यान १९२१ पासून धावल्या जाणाऱ्या, सुमारे नव्वद किलोमीटरांच्या कॉम्रेड्स शर्यतीची तयारी करणाऱ्याने साप्ताहिक अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवूच नये, हा आपल्या पत्रलेखकांचा दंडक, ग्रोनिंगेन येथील नवशिक्या धावपटूंवरील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्या क्रमाने दुखापती घटल्याचे आढळले नाही हे ध्यानी घेता, मला निरपवाद वाटत नाही. हाडे व कंडरा फुप्फुसांहून सावकाश बळावतात. सबब तीन आठवडे चढ व चौथ्यात मुद्दाम उतार, हाच क्रम मी श्रेयस्कर मानतो. शिवाय आमच्या सुरतेत, डुमस रस्त्यावर, मे महिन्यात पहाटेच सदरा पिळून काढावा इतका घाम येतो. अशा हवेत ठरल्या अंतराची सक्तीने वसुली करणे हा शरीरावर निव्वळ जुलूम होय.
एक वाचक, उधना, सुरत